पत्र्याची खोली आणि राजाची टोपी

कोशकाराचा दिवस कसा जातो हे पाहायचं, तर ऑक्सफर्डच्या बॅनबरी रोडवर ७८ नंबरच्या घरामागच्या बागेत जावं, आणि तेही १८८८ सालच्या सुरुवातीच्या थंडीत. घराचं नाव ‘सनीसाइड’. बागेत नालीदार पत्र्याची एक लांबट शेड. मोठी माणसं तिला ‘स्क्रिप्टोरियम’ म्हणतात, घरातली पोरं ‘स्क्रिप्पी’. पुढे ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ म्हणून जगभर गेलेला कोश इथे रचला जातो आहे. नऊ वर्षं होत आली आणि काम आत्ता कुठे ‘बी’ या दुसऱ्या अक्षराच्या टोकाला पोचलंय. टेबलावर ‘बाय’ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या जुड्या पडल्या आहेत. त्यांतली एक ‘बायकॉकेट’ या शब्दाची. दिवसभर तिच्या मागे राहू. कामं संपादक जेम्स मरे यांच्या नेहमीच्या क्रमातली आहेत, शब्दाची हकिगतही खरी आहे; घड्याळाच्या वेळा तेवढ्या मी लावल्या आहेत.

सकाळी सहा

डॉ. मरे एकटेच येतात. तीन पायऱ्या चढून नव्हे, उतरून, कारण शेड जमिनीत दोन-तीन फूट खाली गाडलेली आहे. शेजाऱ्यांच्या खिडकीतून दिसणारं दृश्य बिघडू नये म्हणून ती अशी खाली दाबली गेली. भाषेच्या इतिहासातलं एवढं मोठं काम शेजाऱ्यांच्या बागेच्या शोभेपायी खड्ड्यात गेलं! परिणाम व्हायचा तोच झाला: हवा खेळत नाही, ओल हटत नाही, हिवाळ्यात फरशीवरून बोचरा वारा सरपटतो. मरे जाड ओव्हरकोट घालूनच बसतात आणि वाऱ्यापासून वाचवायला पाय एका खोक्यात ठेवतात. सर्दी-खोकला वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही.

डोक्यावर काळी मखमली टोपी. एडिंबरा विद्यापीठाने १८७४ साली मानद डॉक्टरेट दिली, तिच्यासोबतची. ती घातल्याशिवाय ते कामाला बसत नाहीत. लांब दाढी आणि ही टोपी, छायाचित्रांतून आपण त्यांना ओळखतो ते असेच. शिंप्याचा मुलगा. शाळा चौदाव्या वर्षी सुटली. भाषा शिकल्या त्या स्वतःच्या जिद्दीवर. लंडनमध्ये काही वर्षं चार्टर्ड बँक ऑफ इंडियात कारकुनी केली, मग मिल हिलच्या शाळेत मास्तरकी. १ मार्च १८७९ ला ऑक्सफर्डच्या छापखान्याशी करार झाला तो दहा वर्षांचा: चार खंड, सात हजार पानं. पाच वर्षं गेली तेव्हा पहिला भाग निघाला आणि तो ‘ए’पासून ‘अँट’पर्यंत, म्हणजे मुंगीपर्यंत, पोचला होता. १८८५ साली मास्तरकी सोडून बिऱ्हाड ऑक्सफर्डला हलवलं, ते या मुंगीला जरा पाय फुटावेत म्हणून.

मदतनीस येण्याआधीचा हा शांत वेळ ते अवघड शब्दांना देतात. लोकांना वाटतं की अवघड शब्द म्हणजे लांबलचक, लॅटिन वळणाचे. कोशकाराला विचारा. त्याची झोप उडवतात ते ‘बाय’सारखे दोन अक्षरी शब्द. जवळ, कडून, पर्यंत, प्रमाणे, वाटे, एकामागून एक. एकाच शब्दात किती अर्थ, आणि एकातून दुसरा कधी फुटला? चिठ्ठ्यांचे गठ्ठे टेबलभर पसरून मरे त्यांची रांग लावतात, मोडतात, पुन्हा लावतात. त्या मानाने ‘बायकॉकेट’ची जुडी अगदी हडकुळी आहे, हातात मावेल एवढी. पण तिच्यामागे तीनशे वर्षांचं एक लफडं आहे आणि त्याचा अर्धा तपास मरे यांनी आधीच केलेला आहे.

सकाळी आठ

टपाल येतं. पोष्टाने मरे यांच्या सोयीसाठी दारासमोर लाल पत्रपेटी उभी केली आहे आणि पाकिटावर ‘मिस्टर मरे, ऑक्सफर्ड’ एवढंच लिहिलं तरी ते बिनचूक पोचतं. आत असतात चिठ्ठ्या. सहा इंच बाय चार इंचांचा कागद, डाव्या कोपऱ्यात शब्द, खाली पुस्तकाचं नाव, लेखक, साल, पान आणि मग ज्या वाक्यात तो शब्द आला ते वाक्य जसंच्या तसं. पगारी माणसं हे काम करत नाहीत. मरे यांनी १८७९ साली इंग्रजी वाचणाऱ्या जनतेला जाहीर आवाहन केलं. त्यानंतर तेराशेच्या आसपास वाचकांनी पुस्तकं वाचून चिठ्ठ्या पाठवल्या. पहिला भाग निघेपर्यंत त्या सुमारे ३५ लाख झाल्या होत्या.

या गर्दीत नाना तऱ्हेची माणसं आहेत. ब्रॉडमूर या मनोरुग्ण गुन्हेगारांच्या इस्पितळातून डॉ. विल्यम मायनर चिठ्ठ्या पाठवतात. अमेरिकी सैन्यातले हे शल्यचिकित्सक, भ्रमाच्या भरात १८७२ साली लंडनमध्ये एकाचा खून करून तिथे अडकलेले. कोठडीत पुस्तकांच्या भिंती आणि प्रत्येक पुस्तकाची स्वतः केलेली शब्दसूची. त्यामुळे ‘आमचं सध्या अमुक शब्दाचं काम चाललंय’ असं कळवलं की नेमकी त्याच शब्दाची वाक्यं येतात. बाकीचे वाचक सापडेल ते पाठवतात, मायनर हवं ते.

पण नुसती हौस कामाची नाही, हेही टपालात रोज दिसतं. ज्यांना आवाहन केलं ते वाचक साध्या शब्दांकडे बघतच नाहीत. विचित्र, दुर्मीळ शब्द दिसला की धावत चिठ्ठी लिहितात. नित्याच्या शब्दांची वाक्यं शोधायला मग संपादकालाच रात्र काढावी लागते. बायकॉकेट विचित्र असूनही त्याची जुडी हडकुळी राहिली, कारण तो आपल्या खऱ्या रूपात फारसा कुणाला दिसतच नव्हता.

सकाळी नऊ

मदतनीस हजर. मरे यांचं टेबल थोडं उंचावर, बाकीचे खालच्या मोठ्या टेबलाभोवती. भिंतीला लाकडी खणांची मांडणी. मिल हिलच्या पहिल्या शेडमध्ये असे १,०२९ खण होते. इथेही तोच थाट. कामाची साखळी ठरलेली आहे. चिठ्ठ्या आधी वर्णानुक्रमे लावायच्या, मग एकेका शब्दाच्या सालवार, मग अर्थांनुसार वेगळ्या काढायच्या. हे बरंचसं गावोगावचे बिनपगारी उपसंपादक आधी करून देतात, इथे ते तपासून पक्कं होतं. शेवटी मरे व्युत्पत्ती, उच्चार आणि व्याख्या लिहितात आणि जुडी छापखान्याकडे जाते.

ऐकायला सोपं. प्रत्यक्षात, आधीच्या संपादकांच्या काळात जमलेल्या चिठ्ठ्या पोत्यांतून दोन टन आल्या तेव्हा एका पोत्यात मेलेला उंदीर होता आणि दुसऱ्यात जिवंत उंदरीण, पिल्लांसकट. ‘एच’ अक्षराचा गठ्ठा इटलीत फ्लॉरेन्सजवळ सापडला. ‘पी-ए’च्या चिठ्ठ्या आयर्लंडात एका तबेल्यात होत्या आणि उरल्या होत्या त्या अशा की आग पेटवायला आधी बऱ्याच वापरून झाल्या होत्या. हे किस्से मला नुसते मजेचे वाटत नाहीत. कोशात एखाद्या शब्दाचा जो ‘पहिला उल्लेख’ छापलेला असतो तो हाती लागलेल्या चिठ्ठ्यांतला पहिला. चुलीत गेलेल्या चिठ्ठ्यांचं कुणी सांगावं?

साडेदहा

आता बायकॉकेट. इथे थोडं बस्तान मांडून बसावं लागेल.

जुन्या इंग्रजी कोशांत एक भारदस्त शब्द होता: ‘अ‍ॅबकॉट’. अर्थ दिलेला असायचा तो असा, की इंग्लंडचे प्राचीन राजे दरबारी प्रसंगी घालत ती दोन मुकुटांच्या आकाराची मानाची टोपी. शब्द वर्णानुक्रमात इतका वर, की कुठलाही कोश उघडा, पहिल्या-दुसऱ्या पानावरच भेटणार. काही कोशांनी त्याची व्युत्पत्ती दिली. काहींनी टोपीचं चित्रही छापलं.

मरे ‘ए’ अक्षरावर काम करत होते तेव्हा या शब्दाची पाळी आली. त्यांचा नियम साधा होता: हा शब्द कुणीतरी कधीतरी वापरलाय असं दाखवा. दुसऱ्या कोशात आहे, हा पुरावा नव्हे. मग मागे जायला सुरुवात झाली. एकोणिसाव्या शतकातल्या कोशांनी तो घेतला होता टॉड यांनी वाढवलेल्या जॉन्सनच्या कोशातून, टॉड यांनी ॲशकडून, ॲशने बेलीकडून, बेलीने फिलिप्सकडून. सतराव्या शतकातले फिलिप्स यांच्यामागे हेन्री स्पेलमन यांचा जुन्या शब्दांचा लॅटिन कोश. इथवर सगळे कोशच. एकानेही राजाची टोपी पाहिली नव्हती, आणि ती पाहणाऱ्याचं लिखाणही नाही. शुद्ध मक्षिकास्थाने मक्षिका.

स्पेलमन यांच्यामागे मात्र कोश संपतात आणि बखरी सुरू होतात. होलिनशेडची इंग्लंडची बखर शेक्सपिअरने नाटकांसाठी वापरली म्हणून आपल्याला ऐकून ठाऊक असते. तिची दुसरी आवृत्ती १५८७ साली निघाली, एब्रहॅम फ्लेमिंग यांच्या हाताखालून. तिच्यात आहे ‘अ‍ॅबकॉट’. त्याच बखरीच्या १५७७ च्या पहिल्या आवृत्तीत बघावं तर ‘अ‍ॅबोकॉक’. होलिनशेडच्या आधीचा ग्रॅफ्टन, त्याच्याकडे ‘अ‍ॅबोकॉकेट’. आणि ग्रॅफ्टनने ज्याची नक्कल केली त्या एडवर्ड हॉलच्या १५४८ च्या बखरीतही ‘अ‍ॅबोकॉकेट’च. मूळ तिथे. हॉलला लिहायचं होतं ‘अ बिकॉकेट’, म्हणजे एक बायकॉकेट. छापताना ‘अ’ हे उपपद शब्दाला चिकटलं, आतला स्वर बदलला आणि एका टोपीतून दुसराच प्राणी बाहेर पडला. पुढे होलिनशेडने शेपूट तोडलं, फ्लेमिंग यांनी त्याला ‘सुधारलं’.

मोडी वाचणाऱ्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. मोडीत शब्द तोडून लिहायची रीतच नाही, एक शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने ओळखायचं. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा तर शाळकरी पोरालाही माहीत असते. पण तिथे कुणाचा तरी हेतू होता असं सांगतात. इथे कुणाचाच नव्हता. प्रत्येकाने आपल्या परीने प्रामाणिकपणे नक्कल केली आणि जो जरा जास्त हुशार होता त्याने दुरुस्ती केली. मला विचाराल तर या सगळ्या साखळीत खरं नुकसान केलं ते दुरुस्ती करणाऱ्याने. ‘अ‍ॅबोकॉकेट’ इतकं वेडंवाकडं होतं की कुणालाही कधीतरी शंका आली असती. ‘अ‍ॅबकॉट’ नीटनेटकं दिसतं आणि नीटनेटक्याकडे कुणी संशयाने बघत नाही.

हा निकाल मरे यांनी ४ फेब्रुवारी १८८२ च्या ‘अथेनिअम’ साप्ताहिकात पत्र लिहून जाहीर केला होता. तेव्हा ते खोट्या शब्दापुरतं झालं. खऱ्या शब्दाची पाळी यायला अख्खं ‘ए’ आणि जवळपास अख्खं ‘बी’ ओलांडावं लागलं, ती आज आली आहे.

तर बायकॉकेट म्हणजे काय? जुन्या फ्रेंचमधल्या ‘बिकोके’वरून आलेला शब्द. पुढे आणि मागे टोक काढलेली टोपी. युद्धात डोक्यावर घालायची तशी, आणि शोभेचीही, पुरुषांची तशी बायकांचीही. रॉबिन हूडच्या चित्रात समोर चोच आलेली टोपी असते तिला आजही हौशी लोक हेच नाव देतात. बखरीत ती आली ती गुलाबांच्या युद्धाच्या निमित्ताने. १४६४ साली हेक्सॅमच्या लढाईत सहाव्या हेन्रीची बाजू हरली. राजा निसटला, पण त्याची दोन मुकुटांनी मढवलेली टोपी शत्रूच्या हाती लागली आणि यॉर्कला चौथ्या एडवर्डपुढे पेश झाली. म्हणजे दोन मुकुट होते ते त्या एका टोपीवर, त्या एका राजाच्या. कोशकारांनी ती सजावट शब्दाच्या अर्थातच शिवून टाकली आणि प्राचीन काळापासूनच्या सगळ्या इंग्रज राजांच्या डोक्यावर ती चढवली. चुकीच्या शब्दाला अर्थही असा चुकीचा मिळाला. एका लढाईतल्या लुटीचं वर्णन राजघराण्याची परंपरा होऊन बसलं.

चिठ्ठ्या सालवार लावल्या की हे सगळं फार न बोलता दिसू लागतं. मरे यांची पद्धत हीच, आणि म्हणूनच त्यांनी प्रत्येक वाक्यापुढे साल छापायचा हट्ट धरला. आपल्याकडे दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त ज्ञानेश्वरीपासून बखरींपर्यंतची अवतरणं भरघोस आहेत, पण अवतरणापुढे ग्रंथाची खूण असते, साल नसतं. तो कोश मी रोज वापरतो आणि त्याचं ऋण मोठं आहे. तरीही एखादा अर्थ कुठून कुठे सरकला हे पाहायचं झालं की ही एवढी उणीव जाणवत राहते.

दुपारी दोन

जेवणानंतर पत्रं. इतर माणसं पत्रं लिहितात ती काम सोडून. इथे पत्रं हेच अर्धं काम. मरे यांच्या हातून रोज वीस-तीस पत्रं सहज जातात, सगळी हाताने लिहिलेली. एखाद्या परदेशी झाडाच्या नावासाठी क्यूच्या राजउद्यानाच्या संचालकांना. नदीतल्या होड्यांच्या नावासाठी न्यूकॅसलच्या धक्क्यावरच्या व्यापाऱ्याला. धर्मशास्त्रातल्या बारकाव्यासाठी जेझुइट पाद्र्यांना. पुढे ‘पी’ अक्षराच्या वेळी लंडनच्या इंडिया ऑफिसला लिहावं लागलं, सतराव्या शतकातल्या एका पत्राबद्दल, कारण ‘पंच’ या पेयाचा जुना उल्लेख त्यात होता. पाच जिनसांचं म्हणून आपल्या ‘पंच’वरून ते नाव पडलं असं सांगतात.

कवींनाही सुटका नाही. टेनिसनच्या कवितेत ‘बाम-क्रिकेट’ नावाचा एक गाणारा किडा येतो. हा कुठला? मरे यांनी थेट राजकवीलाच विचारलं. टेनिसनने तो एका ग्रीक पाठ्यपुस्तकाच्या टीपांतून उचलला होता आणि तिथे तो आला होता जर्मन ‘बाउम-ग्रिल’, म्हणजे झाडावरचा किडा, यातल्या ‘बाउम’चं ‘बाम’ होऊन. झाडाचा मलम झाला. पण एक फरक इथे पडतो. टेनिसनने तो शब्द कवितेत वापरला, लोकांनी वाचला, म्हणून जन्म कसाही झालेला असला तरी तो शब्द कोशात गेला. अ‍ॅबकॉटला अशी कविता लाभली नाही. ब्राउनिंगबद्दल मात्र मरे यांची कुरकूर होती: हे गृहस्थ शब्दाचा नेमका अर्थ न बघता तो वापरतात आणि कोशाचं काम वाढवतात.

साडेतीन

छापखान्याकडून प्रुफं येतात. क्लॅरेंडन प्रेसचे जुळारी हा एक वेगळाच कुशल वर्ग. ग्रीक, हिब्रू, जुन्या इंग्रजीतली आता वापरात नसलेली अक्षरं, ठळक, तिरपे, बारीक असे खिळ्यांचे कितीतरी साचे, हे सगळं एकाच परिच्छेदात. मरे प्रुफावर काटछाट पुष्कळ करतात आणि प्रत्येक काटछाटीचे पैसे पडतात. विद्यापीठाच्या छापखान्याचे विश्वस्त वर्षाला सातशे पानांचा तगादा लावून बसले आहेत. ती पानं मरे यांच्याकडून कधीच होत नाहीत. विश्वस्तांची बाजू अगदीच अडाणीपणाची नव्हती, हेही खरं. पैसा त्यांचा, आणि नऊ वर्षांत दोन अक्षरं म्हटल्यावर कुणीही हिशेब मागेल. याच वर्षी हेन्री ब्रॅडली यांना स्वतंत्रपणे दुसरे संपादक म्हणून काम दिलं गेलं, हा त्या घाईचा चांगला परिणाम.

प्रुफांची एक प्रत सफकमधल्या मार्ल्सफर्ड गावी जाते, फिट्झएडवर्ड हॉल यांच्याकडे. हा माणूस मराठी वाचकाला माहीत असायला हवा. अमेरिकेतल्या ट्रॉय गावचा. घरातून पळालेल्या भावाच्या शोधात हिंदुस्थानला निघाला, १८४६ साली गंगेच्या मुखाशी जहाज फुटलं, मग इथेच राहून हिंदुस्थानी, फारसी, बंगाली, संस्कृत शिकला. बनारसच्या संस्कृत कॉलेजात अध्यापक झाला. १८५७ च्या धामधुमीत तो सागरला शिक्षण खात्याचा निरीक्षक होता आणि तिथल्या किल्ल्यात कोंडलेल्यांत तोही होता. सागर म्हणजे गोविंदपंत बुंदेल्यांनी वाढवलेलं. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजात संस्कृत शिकवलं, विद्वानांशी भांडण झालं, आणि एका खेड्यात जाऊन दार लावून बसला. पण मरे यांची प्रुफं आली की रोज चार-चार तास ती वाचून स्वतःच्या संग्रहातली जुनी वाक्यं समासात भरायचा, एक पै न घेता, १९०१ मध्ये मरेपर्यंत. दोघांची गाठ कधीच पडली नाही.

संध्याकाळी पाच

शाळेतून मुलं येतात. मरे दांपत्याची एकूण अकरा मुलं; आत्ताचं धाकटं अजून दुडदुडतं आहे. थोरांपासून मधल्यांपर्यंत सगळ्यांना एकच धंदा: चिठ्ठ्या वर्णानुक्रमे लावणे. मजुरी वयानुसार, धाकट्यांना तासाला एक पेनीपासून. कधी कंटाळून, कधी आवडीने, पण पोरं करतात. असे असे शब्द त्यांच्या तोंडी बसतात की बाहेरचा माणूस चकित व्हावा. एल्सी आणि रॉसफ्रिथ या मुली पुढे मोठ्या होऊन या कोशाच्या रीतसर मदतनीस झाल्या.

आज रविवार असता तर यातलं काहीच झालं नसतं. मरे पक्के धर्मनिष्ठ. दारू नाही, तंबाखू नाही आणि रविवारी कोशाचं पान नाही. विश्वस्तांचा कितीही तगादा असो.

रात्री आठ

पुन्हा शेड. दिवसाच्या गडबडीत मागे पडलेलं आता उरकायचं.

अ‍ॅबकॉटच्या जातीला १८८६ साली नाव मिळालं. केंब्रिजचे प्राध्यापक वॉल्टर स्कीट यांनी फिलॉलॉजिकल सोसायटीच्या अध्यक्षीय भाषणात अशा शब्दांना ‘भूतशब्द’ म्हटलं: छापणाऱ्याच्या चुकीतून, नक्कल करणाऱ्याच्या अज्ञानातून किंवा संपादकाच्या अतिउत्साहातून जन्मलेले, ज्यांचा जिवंत भाषेशी संबंधच नव्हता. त्यांनी मरे यांच्या अ‍ॅबकॉटचा दाखला दिला आणि आणखी एक दिला तो थेट आपल्याकडचा. १८०८ च्या ‘एडिंबरा रिव्ह्यू’त हिंदुस्थानातल्या मिशनऱ्यांवरच्या लेखात हिंदूंच्या अघोरी चालींचं वर्णन आहे. काही लोक आकड्याला लटकतात आणि काही हातांतून ‘काइम’ आरपार घालतात, असं. वाचणाऱ्याला वाटावं की काइम हे कसलं तरी भयंकर देशी हत्यार असणार. ते होतं ‘नाइव्ह्ज’, साधे सुरे, जुळाऱ्याने चुकीचे खिळे लावलेले. बगाड आणि गळ टोचणं ज्यांनी पाहिलंय त्या सातारकडच्या माणसाला विचारलं असतं तर त्याने पाच मिनिटांत सांगितलं असतं की बाबांनो, असं हत्यार आमच्याकडे नाही. परक्या मुलखाच्या वर्णनात भूतशब्दाला निवारा लवकर मिळतो, कारण तिथे शंका घ्यायला घरचं कुणी नसतं.

एवढं जपूनही या शेडमधून एक चूक झालीच, आणि ती नेमकी उलट्या तऱ्हेची. ‘बी’चाच आधीचा भाग १८८७ साली छापून निघाला. त्यात ‘बाँडमेड’, म्हणजे दासी, हा शब्द नाही. शब्द खरा, जुना, बायबलच्या इंग्रजी भाषांतरातला. त्याच्या चिठ्ठ्या होत्या, जुडीही होती, पण ती कुठेतरी सरकली आणि इतक्या जणांच्या नजरेखालून प्रुफं गेली तरी कुणाच्या ध्यानात आलं नाही. सापडली तेव्हा भाग बाजारात गेलेला होता. कधी नव्हताच तो शब्द तीनशे वर्षं बखरी-कोशांत मिरवला आणि खरोखरची दासी बाहेर राहिली.

रात्री अकरा

पाकिटं बंद होतात. मरे कोट घालून फाटकाबाहेर जातात आणि दिवसभराची पत्रं लाल पेटीत टाकतात. बायकॉकेटची जुडी उद्या छापखान्याकडे जाईल. नोंदीत टोपीचा अर्थ असेल आणि खाली हॉल, ग्रॅफ्टन, होलिनशेड, फ्लेमिंग, स्पेलमन यांच्यापासून पुढच्या कोशांपर्यंतची सगळी फसगत, नावानिशी. कोशाच्या संयमित भाषेत इतकं फटकारून लिहिलेलं क्वचितच सापडतं.

‘बायझन’पर्यंतचा तो भाग जून १८८८ मध्ये निघाला आणि पहिला खंड पुरा झाला. संपूर्ण कोश व्हायला आणखी ४० वर्षं लागली. १९१५ साली मरे गेले तेव्हा ते ‘टी’वर होते. १९२८ साली काम संपलं तेव्हा चार खंडांचे दहा झाले होते आणि त्यांत सव्वाअठरा लाखांहून जास्त वाक्यं होती.

पहिल्या आवृत्तीचे खंड आता इंटरनेटवर कुणालाही फुकट उघडता येतात. पहिल्या खंडाची शेवटची काही पानं काढा, बायकॉकेट तिथे आहे. बाँडमेड शोधायला मात्र १९३३ ची पुरवणी उघडावी लागेल.